अश्वत्थाम्याचं तेल

पंचांगात वसंत ऋतू चैत्र आणि वैशाखात येतो. ज्याने हे पंचांग केलं तो वैशाखात भुसावळच्या फलाटावर उतरलेला नसावा. आमच्याकडे रावेरला वसंत असतो, नाही असं नाही. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, आणि होळी पेटली की तिच्या मागोमाग ऊन पेटतं. या दोघींच्या मधल्या बोळातून जेवढा अंगाला लागेल तेवढा आमचा वसंत.

या बोळात सातपुडा मात्र कमाल करतो. एरवी तो गावाच्या उत्तरेला निळसर पसरलेला असतो आणि तिकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. फाल्गुनात पानं झडलेल्या रानात पळस पेटतो, मोहाची फुलं टपटप पडायला लागतात, आणि होळीच्या आधी पाड्यापाड्यांवरून ढोल वाजवत मंडळी भोंगऱ्याच्या बाजाराला उतरतात. हे सगळं बघून माणसाला काहीतरी सुचायला हवं. आमच्या नानांना दरवर्षी एकच सुचतं. "पयस फुलला. आता केयीले पाणी वाढवा."

तरी यंदा सहकुटुंब डोंगर पाहायला जायचं ठरलं, कारण ताईचे यजमान पुण्याहून आले होते. पुण्याच्या माणसाला डोंगर दिसला की चढावासा वाटतो. खानदेशी माणसाला डोंगर दिसला की त्याच्या पायथ्याशी बट्ट्या भाजाव्याशा वाटतात. हा फरक लग्नाच्या बैठकीतच बोलून घ्यायला हवा होता, पण त्या वेळी सगळा वेळ मानपानात गेला.

डोंगर कोणता, यावर दोन रात्री गेल्या. पाल आपल्याच तालुक्यात, थंड हवेचं ठिकाण म्हणून नावाजलेलं. पण तिथे कधीही जाता येतं, म्हणून ते कायम राहूनच जातं. मनुदेवीला नवस फेडायला जातोच. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे एका दिवसात जाणं आणि येणं दोनच गोष्टी होतील, मधलं तोरणमाळ होणार नाही. शेवटी असीरगड निघाला. असीरगडाचा फायदा असा की वाटेत बऱ्हाणपूर लागतं. नानांना तिथल्या मंडीतला केळीचा भाव बघायचा होता, काकू आणि आईला बाजार करायचा होता, मोठ्या मायला गडावरच्या महादेवाचं दर्शन, आबांना इतिहास, पोरांना जिलबी आणि जावईबापूंना डोंगर. असे आम्ही सहा ठिकाणी निघालो होतो, क्रूझर फक्त एक होती.

असीरगड म्हणजे सातपुड्यातला मोठा मानकरी. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट याच्या नजरेखालून जाते. उत्तरेतून दक्षिणेत येणाऱ्याने आधी याला विचारायचं आणि मग पुढे सरकायचं, म्हणून 'दख्खनचा दरवाजा'. फारुकी सुलतानांच्या काळात बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी आणि असीरगड हा तिचा भरवसा. पुढे काळाने अशी काही वाटणी केली की खानदेश राहिला महाराष्ट्रात, आणि त्याची राजधानी व किल्ला दोन्ही गेले मध्य प्रदेशात. आपल्याच जुन्या राजधानीला जायला चोरवडला राज्याची हद्द ओलांडावी लागते, याचं आबांना दुःख आहे. ते निवृत्त मास्तर आहेत, त्यांना अशी दुःखं परवडतात. नाना शेतकरी. हद्दीपलीकडे केळीचा लिलाव होतो आणि आपल्याकडच्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या मते हद्द अगदी योग्य जागी आहे, फक्त आपण तिच्या चुकीच्या बाजूला आहोत.

जावईबापूंनी पहाटे पाचला निघायचं सुचवलं. ऊन चढायच्या आत गड चढून उतरायचा, असा त्यांचा हिशेब. त्यांच्याकडे बूट होते, काठी होती, आणि पाठीवर नळी असलेली पाण्याची पिशवी होती. माणसाने चालता चालता ती नळी चोखायची. मोठ्या मायने ती पिशवी बराच वेळ न्याहाळली आणि आईला हळूच विचारलं, "जवाईले सलाईन लावलं का व?"

"डोंगर काय पयून चालला का?" नाना म्हणाले. "अकराले निघालं तरी तो तिठीच राहीन."

पाचला निघणं शक्य नव्हतंच, कारण पाचला अंगणात वांगी भाजायला घेतली होती. सहल म्हटली की भरीत, आणि भरीत म्हटलं की बामणोदची हिरवी-पांढरी लांबट वांगी. ती गॅसवर भाजत नाहीत. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं जे होतं त्याला पुण्यात भरीत म्हणतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात टाकायची, साल काळी होऊन सुटायला लागली आणि देठापाशी पाणी बुडबुडायला लागलं की ओढून काढायची. मग गरम असतानाच सोलायची, बोटं भाजली तरी तोंडाने हा-हू करत सोलायची, आणि लाकडी बडगीत घालून ठेचायची. हे काम काकूंचं. त्या ठेचत असताना कुणी मध्ये बोलत नाही. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे वेगवेगळ्या डब्यांत. कळण्याच्या पुऱ्या रात्रीच तळून झाल्या होत्या. फोडणी मात्र जागेवर द्यायची, हा आमच्या घरचा कायदा. घरी फोडणी दिलेलं भरीत बाहेर नेऊन खाणं याला आमच्याकडे सहल म्हणत नाहीत, डबा म्हणतात. म्हणून स्टो, कढई, झारा, पाण्याचे दोन जार, सतरंज्या, आणि नानांच्या पाठीसाठी एक लोड. क्रूझरमध्ये आधी सामान बसलं, मग उरलेल्या जागेत माणसं.

मोठ्या मायने मांडीवर एक छोटी बाटली धरली होती. त्यात पावशेर तेल होतं, घरच्या शेंगांचं, मुद्दाम घाण्यावरून काढून आणलेलं.

हे तेल अश्वत्थाम्यासाठी होतं. द्रोणाचार्यांचा हा मुलगा चिरंजीव आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तो आमच्या बाजूला राहतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कपाळावरचा मणी काढून घेतला, कृष्णाने शाप दिला, आणि तेव्हापासून ती जखम वाहते आहे. असीरगडावरच्या गुप्तेश्वर महादेवाला तो रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो, असं तिथले लोक सांगतात, आणि कुणी भेटलं तर जखमेला लावायला तेल मागतो. सातपुड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नंदुरबारच्या अक्राणीत, अस्तंभ्याच्या डोंगरावरही तोच. तिथे धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते, माणसं रात्रभर डोंगर चढतात. म्हणजे सगळा सातपुडा त्याच्या फिरतीचा इलाखा.

"पाच हजार वर्षं फिरती," आबा म्हणाले. "ना बदली, ना निवृत्ती."

"आणि पेन्शन?" जावईबापूंनी विचारलं.

"नवी योजना," आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. हा त्यांच्या आवडीचा विषय नाही.

अकराला निघायचं ते साडेअकराला निघालो. वसंत पाहायला बाहेर पडलेलं हे कुटुंब वाटेत काय बघतं, हे मी नीट टिपून ठेवलं आहे. ड्रायव्हरने रस्ता पाहिला. पोरांनी मोबाईल पाहिला. ताईने पोरांचे मोबाईल पाहिले. काकूंनी, पाठीमागच्या डब्याचं झाकण निसटत तर नाही ना, हे पाहिलं. नानांनी दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा पाहिल्या आणि प्रत्येक बागेला मोठ्याने गुण दिले. "ही पीलबाग हाय. हिचा घड भरनार नाही." "ह्यानं घडाले पिशव्या घातल्या, पैसेवाला दिसते." "हे ठिबक कोनी टाकलं रे बापा?" जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी हे मानांकन नाना एकटेच देत असत आणि अजूनही त्यांनी ते काम पूर्णपणे सोडलेलं नाही. चोरवड गेलं, हद्द गेली, पाट्या हिंदी झाल्या, केळी तीच राहिली. ती राज्यपुनर्रचना मानत नाही.

बऱ्हाणपुरात शिरल्याबरोबर नानांनी गाडी मंडीकडे वळवायला लावली. "दहा मिंटं" म्हणाले. मंडीतली दहा मिनिटं काय असतात हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी गाडीतच डोळे मिटले. नाना परत आले ते अत्यंत समाधानी चेहऱ्याने. भाव आपल्यापेक्षा जास्त होता. म्हणजे आपल्याला कमी मिळतो आहे, ही बातमी होती. पण नानांना वर्षानुवर्षं जो संशय होता तो खरा ठरला होता, आणि खऱ्या ठरलेल्या संशयाचा आनंद पैशात मोजता येत नाही.

गाव मागे पडलं आणि मग तो दिसला. मला वाटतं तो एवढा वेळ तिथेच असणार, पण डोंगर पहिल्यांदा दिसतो तेव्हा कुणीतरी आत्ता आणून ठेवल्यासारखा वाटतो. उघडा, तांबूस, सुकलेल्या गवताचा, अंगावर मधूनमधून पळस, आणि डोक्यावर सरळ कापलेली तटाची ओळ. पायथ्यापासून अडीचशे मीटरच्या आसपास उंची. आकड्यात फार वाटत नाही, पण भोवतीच्या सपाटीतून बघताना मान मागे न्यावी लागते. गाडीत क्षणभर कुणी बोललं नाही.

"वर पानी कुठून आनत असतीन?" नाना म्हणाले.

या प्रश्नाला हसू नये. किल्ला पाहून तट किती जाड आहे हे विचारणारे पुष्कळ असतात, पण किल्ला चालतो तो पाण्यावर आणि धान्यावर. असीरगडावर तळी आहेत, कोठारं भरलेली असत, म्हणूनच त्याला वेढा घालणाऱ्याला घाम फुटे. आबांना हाच धागा हवा होता. ते पुढच्या सीटवर वळून बसले आणि त्यांनी अकबराला बऱ्हाणपुरात आणलं.

अकबर इथे आला तो 1600 सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे जवळपास याच दिवसांत. शहर सहज मिळालं. गड मात्र मिळेना. बहादूर फारुकी वर बसलेला, खाली मुघलांची फौज, शेजारी अबुल फजलसारखा माणूस, आणि वरून खाली तोफा. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. 1601 च्या जानेवारीत गड हाती आला. कसा आला, यावर मतं वेगवेगळी. कुणी म्हणतं वर साथ पसरली. कुणी म्हणतं बहादूरला बोलणी करायला खाली बोलावलं आणि धरून ठेवलं. कुणी म्हणतं सोन्याच्या चाव्यांनी दरवाजे उघडले, म्हणजे सरळ लाच दिली.

"लाच," नाना म्हणाले. त्यांना पुरावा लागला नाही.

"पण लढून तर नाही ना मिळाला?" जावईबापू म्हणाले.

"असीरगड बहुधा कुणालाच नुसता लढून मिळालेला नाही," आबा म्हणाले, आणि आता ते दोनशे वर्षं आणखी मागे गेले. आसा अहीर नावाचा गोधनवाला धनी इथे राज्य करत होता. नासिरखान फारुकीने त्याला निरोप पाठवला, माझ्यावर संकट आहे, माझी बायकामुलं तुमच्या गडावर ठेवून घ्या. अहीर भला माणूस, हो म्हणाला. डोल्या वर गेल्या, पडदे उघडले, आणि आतून बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई निघाले. फिरिश्त्याने लिहून ठेवलेली ही गोष्ट आहे. पुढे निजामाकडून 1760 मध्ये हा गड मराठ्यांना मिळाला तोही उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात, कागदावर. आणि शिंद्यांकडून इंग्रजांनी घेतला तो 1819 च्या एप्रिलमध्ये. इंग्रजांनी मात्र तोफा डागल्या, हे आबांनी नाइलाजाने कबूल केलं.

एवढं होईपर्यंत दीड वाजून गेला होता आणि आमच्या गाडीतल्या कोठारावर हल्ले सुरू झाले होते. पोरांनी चिवडा संपवला होता. वर जाऊन मग जेवू, असं जावईबापूंनी एकदा म्हणून पाहिलं. कुणी उत्तरही दिलं नाही. पायथ्याशी एका झाडाखाली सतरंज्या पडल्या, नानांचा लोड पडला, लोडावर नाना पडले, स्टो पेटला, कढई चढली. काकूंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तेल."

तेलाचा डबा रावेरला ओट्यावर होता.

आईला वाटलं काकूंनी घेतला, काकूंना वाटलं आईने घेतला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग दोघींनी मिळून नानांकडे बघितलं, कारण सामान त्यांनी चढवलं होतं. भरिताची परात मध्ये, मिरच्या-लसूण ठेचून तयार, कांद्याची पात चिरलेली, आणि रिकामी कढई स्टोवर निळी पडत चाललेली. पुऱ्या, भरीत, मिरची, सगळी रसद जय्यत असताना एका जिनसापायी गड पडतो, हे आम्ही त्या झाडाखाली उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आबा 'बघा, असंच' एवढंच म्हणाले आणि काकूंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

मोठी माय त्या वेळी लोडाच्या दुसऱ्या टोकाला डोकं टेकून झोपली होती. बाटली तिच्या पिशवीत होती.

नावं घेत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशीच्या भरिताला जी चव आली ती पुन्हा येणं नाही. घाण्याचं तेल, त्यात लसूण तांबूस होईपर्यंत, मग मिरची, मग शेंगदाणे फुटायला लागले की भरीत. कडेने तेल सुटलेलं, वर पात भुरभुरलेली. जावईबापूंनी सहा पुऱ्या खाल्ल्या आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या. मोठ्या मायला उठवून वाढलं. तिनेही खाल्लं. "तेल चांगलं हाय," ती म्हणाली. कुणी मान वर केली नाही.

गड चढायचं राहून गेलं का? तसं नाही. वर दरवाजापर्यंत डांबरी रस्ता जातो, त्या रस्त्याने क्रूझर गेली. जिथे अकबराला दहाएक महिने लागले तिथे आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये पोचलो. जावईबापू हट्टाने खालून चालत निघाले आणि आम्ही वर पोचल्यावर बऱ्याच वेळाने लालबुंद होऊन उगवले. त्यांच्या नळीतलं पाणी संपलं होतं. पण तट त्यांनीच खरा पाहिला, असं मला वाटतं. मलयगड, कमरगड, असीरगड अशी एकाच्या वर एक तटबंदी आहे, आणि कोणत्या टप्प्यावर माणसाचा दम तुटावा याचा विचार बांधणाऱ्याने फार बारकाईने केलेला आहे. वर जुनी मशीद आहे, तिचे दोन मिनार लांबून दिसतात. तटावरून उत्तरेला डोंगरांवर डोंगर, आणि दक्षिणेला तापीकडे उतरत गेलेली हिरवी-काळी सपाटी. पोरांनी तिकडे पाठ करून फोटो काढले. नानांनी कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ सपाटी बघितली. मला वाटलं, आता तरी काही वेगळं सुचलं असेल.

"समदी केयीच हाय," ते समाधानाने म्हणाले.

मंदिरात मोठ्या मायने पिशवीत हात घातला. बाटली निघाली. ती तिने उजेडात धरली, तिरकी केली, उलटी केली. तळाशी एक थेंब होता तो काचेवरून हळूहळू खाली आला. मग तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आमच्या घरात तिच्यासमोर आजवर कुणाचं खोटं टिकलेलं नाही, आणि इथे तर सगळ्यांच्या ओठांवर पुरावा चकाकत होता.

आता काय होतं, म्हणून सगळे चिडीचूप. तिने बाटलीचं झाकण लावलं, बाटली पिशवीत ठेवली आणि पिंडीला हात जोडून म्हणाली, "लेकरं भुकी व्हती रे. तू समजून घेशीन. तुले इतके साल निघाले, आखीन एक निघीन."

परतीला बऱ्हाणपुरात थांबलो. इथली माव्याची जिलबी रंगाने जांभळट-काळी, जाड आणि गच्च. नेहमीची केशरी जिलबी खाल्लेल्या माणसाला आधी संशय येतो आणि मग तो दुसरी मागतो. जिलबी खाता खाता आबांनी मुमताज काढली. शहाजहानची ही बेगम 1631 साली बऱ्हाणपुरातच गेली, तापीपलीकडे आहुखान्यात तिला आधी पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल खरं म्हणजे इथेच व्हायचा होता, पण इथल्या मातीने घात केला, असं बऱ्हाणपूरचे लोक सांगतात. जावईबापू हळहळले. तापीकाठी, सातपुड्याच्या पायथ्याशी ताजमहाल! किती लोक आले असते!

"नाही झाला तेच बरं," नाना म्हणाले. "चांगली केयीची जमीन गेली असती."

आणि मग त्यांना आठवलं की हद्दीपलीकडे तेल स्वस्त असतं. हे त्यांना कुणी सांगितलं हे त्यांनाही सांगता येत नाही. पण प्रायश्चित्त आणि बचत एकाच पावतीत होत असेल तर नाना मागे हटत नाहीत. पंधरा किलोचा डबा क्रूझरमध्ये चढला. तो पायाशी बसेना, म्हणून जावईबापूंनी तो मांडीवर घेतला. चोरवड येईपर्यंत त्यांच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या. डब्यातलं पहिलं पावशेर अश्वत्थाम्याचं, ते काढून देवघरात ठेवायचं आणि मगच बाकीच्याला हात लावायचा, असं मोठ्या मायने वाटेतच बजावलं.

तेल काढून ठेवलं आहे. बाटली देवघरात आहे, झाकणाला मोठ्या मायने स्वतः दोरा गुंडाळला आहे. फक्त आता पापड-बिबड्यांचा हंगाम सुरू झाला, डबा अर्ध्यावर आला, आणि काल काकू मला विचारत होत्या, अश्वत्थाम्याला सोयाबीनचं चालतं का.